तीन वीत जागा

एप्रिल अर्धा सरला की नागपुरातल्या घराघरांतून एकच आवाज यायला लागतो. कूलर बाहेर ओढण्याचा. पत्रा फरशीवर घासतो, कुणीतरी आतून ओरडतं, "हळू ना गा, फरशी फुटंल," आणि पुढचे दोन दिवस गल्लीभर जुन्या गवताचा भुसा उडत राहतो. गेल्या वर्षीच्या ताट्या काढायच्या, जाळीवर साचलेला पांढरा क्षार खरवडायचा, नव्या वाळ्याच्या ताट्या बसवायच्या. पहिलं पाणी चढलं की वाळा भिजतो आणि खोलीत असा वास सुटतो की हातातलं काम टाकून माणूस दोन मिनिटं नुसता उभा राहतो.

मीही राहतो. पण मला त्या वासाच्या पाठोपाठ दुसरा एक वास येतो. ग्राइंडरनं कापलेल्या लोखंडाचा. हा वास आमच्या घरात आता कुठंच नाही, तरी दरवर्षी वाळा भिजला की तो येतो, आणि मग मला जिन्याखाली जाऊन गाडीवरचं कव्हर उचलून पाहावंसं वाटतं. पाहतो, आणि पुन्हा झाकून ठेवतो.

गाडी देखणी आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे सांगायचंय त्यात ती देखणी असल्याचा काही उपयोग नाही, पण खोटं कशाला बोलू. सिग्नलला उभी केली की कॉलेजची पोरं शेजारी येऊन विचारतात, "काका, कोणती गाडी हाय ही?" मी सांगतो, जुनीच आहे, वीस वर्षांपूर्वीची, दीडशे सीसीची. त्यांना पटत नाही. एकदा एकानं तिच्यासोबत फोटो काढून घेतला आणि मला फोटोतून जरा बाजूला व्हायला सांगितलं.

ती आमच्या बाबांची गाडी. बाबा हिंगण्याच्या एमआयडीसीत टर्नर होते. इंदोऱ्यातल्या आमच्या घरून रोज सकाळी डबा हँडलला अडकवून निघायचे आणि संध्याकाळी अंगाला कटिंग ऑइलचा वास घेऊन परतायचे. लेथवर उभं राहून त्यांनी आयुष्य काढलं. जगातल्या प्रत्येक वस्तूला त्यांच्या लेखी एक माप होतं, आणि ते माप घ्यायला त्यांना टेप लागत नसे. त्यांची उजव्या हाताची वीत म्हणजे बरोबर नऊ इंच. ही काही बढाई नव्हती. कुणी शंका घेतली की ते पंजा ताणून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "लाव टेप." टेप लावला की नऊ. इंचाच्या आठव्या भागाला कारखान्यात सूत म्हणतात. त्यांची वीत एक सूतही इकडेतिकडे जात नसे.

घरातला पलंग, कूलरचा स्टँड, माझं शाळेचं टेबल, सगळं त्यांच्या वितीनं मोजून केलेलं. आई चिडवायची. "मले पाहायले आले होते ना, तवा आमच्या दाराची चौकट मोजून पाहिली यायनं. पोरीकडं पाहिलंच नाही."

"चौकट वाकडी होती," बाबा म्हणायचे. "पोरगी सरळ होती. मंग पाहायचं काय त्याच्यात?"

हे माझ्याहूनही जुनं भांडण होतं आणि दोघांनाही ते फार आवडायचं.

ज्या उन्हाळ्याबद्दल मी बोलतोय, त्याच्या आधीच्या संक्रांतीनंतर बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. महिनाभर तोंडही वाकडं होतं. मग हळूहळू माणूस परत आला. आधी बोलणं, मग काठी टेकत चालणं, मग चिडचिड. चिडायला लागले तेव्हा आईनं डोळे पुसले आणि म्हणाली, आता बरे झाले. डॉक्टरांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. तो घेऊन बाबा दिवसभर ओसरीवर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला उजवा हात दाखवायचे. "पाहा. पयल्यासारखा झाला."

पहिल्यासारखा झाला नव्हता. बोटं वळायची, पण पूर्ण उघडायची नाहीत. अंगठा आणि करंगळी एकमेकांपासून लांब जायला तयार नसत. आम्ही पाहायचो आणि "हो, झाला की" म्हणायचो. आजारी माणसाच्या घरात असं रोजच बोललं जातं. आई बोलायची, मी बोलायचो, शेजारचे बोलायचे. त्या बोलण्याची इतकी सवय झाली की त्यात काही वावगं आहे, हे कुणाच्या ध्यानातही येईना.

गाडी जिन्याखाली उभी होती. बाबा आता ती चालवणार नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच म्हणत नव्हतं. भंगारवाला दोनदा दारावर येऊन गेला. माझ्या मनात मात्र वेगळंच शिजत होतं. मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. तेव्हा वय एक्केचाळीस, डोक्यावर केस मोजून घ्यावेत इतके, आणि तरीही जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर स्ट्रीटफायटर गाड्यांचे व्हिडिओ पाहत बसायचो. जुन्या गाडीचं सगळं नटवं अंग उतरवायचं. इंजिन उघडं. हँडल सरळ आणि रुंद. हेडलाइट खाली, कपाळ झुकवल्यासारखा. आणि मागचं शेपूट आखूड, चाकाच्या वर थोडं उचललेलं. बाह्या सारून उभ्या राहिलेल्या माणसासारखी दिसते ती गाडी. मला आयुष्यात कधी कुणाशी नीट भांडता आलं नाही. म्हणूनच आवडत असावी.

मी बाबांना विचारलं. त्यांनी मोबाइल डाव्या हातात धरून पूर्ण व्हिडिओ पाहिला.

"हे काय म्हणते याले?"

"स्ट्रीटफायटर."

"म्हणजे रस्त्यावर भांडणारी?" ते हसले. "भांडायले गाडी काहून लागते गा? तुही माय पायीच भांडते."

आतून आई काहीतरी बोलली, ते आम्हाला ऐकू आलं नाही. बाबांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून पाहिला आणि म्हणाले, "कर. फक्त एक काम कर. माही जागा ठेवजो मांगं. मले आता चालवता येत नाही, ते मले समजते. मांगं बसीन. आपण दोघं कुहीले जाऊ, बाईकडे."

बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण, माझी आत्या. कुहीजवळच्या एका गावात राहायची. झटका आल्यानंतर ती एकदा येऊन गेली होती आणि रडून गेली होती. बाबांना तिच्या अंगणात गाडीवरून उतरायचं होतं. ऑटोतून नाही, कुणी उचलून नाही. गाडीवरून, आपल्या पायावर. "तिनं मले खाटेवर पाह्यलं," ते म्हणाले. "तसा नको राहू मी तिच्या डोळ्यात."

मी वचन दिलं. दोन माणसं बसतील एवढी जागा ठेवीन.

आमचं ऑफिस उन्हाळ्यात सकाळचं असतं. दुपारी एकला सुटलो की डोक्याला दुपट्टा गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून आईनं खिशात कोंबलेला कांदा सांभाळत, मी मंगळवारी बाजाराकडच्या भंगारच्या दुकानांतून हिंडायचो. औषधांचा खर्च निघाल्यावर जे उरेल त्यात गाडी करायची होती, म्हणजे नवं काही घेण्याचा प्रश्नच नव्हता. कुणाच्या तरी अपघातातल्या गाडीचे पुढचे जाड शॉकअप मिळाले. कुणाची तरी टाकी, एका बाजूनं चेपलेली. हेडलाइट तिसऱ्याच गाडीचा. मी प्रत्येक वस्तू घरी आणायचो आणि बाबांसमोर ठेवायचो. ते तिच्यावर पान्यानं एक टिचकी मारायचे, कान लावायचे.

"हा पाइप आतून सडला. परत दे."

मी परत देऊन यायचो. दुकानदार म्हणायचा, तुमचे वडील दुकानात आले तर माझा धंदाच बसेल.

खरं सांगायचं तर त्या उन्हाळ्यात बाबा सुखात होते. रोज दाढी करायचे. दुपारी ओसरीवर पाणी मारून, कूलरचं तोंड बाहेरच्या बाजूला वळवून खुर्ची टाकायची, समोर रॉकेलच्या डब्यात नटबोल्ट. ते डाव्या हातानं एकेक बोल्ट ब्रशनं घासत राहायचे. पंचेचाळीसच्या वर पारा, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि आमच्या ओसरीवर ओला वाळा, रॉकेल, आईनं आणून ठेवलेलं कैरीचं पन्हं. मी हात काळे करून जमिनीवर बसलेला. ते वरून सांगायचे, "उलटा फिरवून राहिला तू. हां. आता बरोबर." लहानपणी मला कारखान्यात न्या म्हणून मी किती मागं लागलो होतो. ते नेत नसत. मशीनजवळ पोरं नको म्हणायचे. एक्केचाळिसाव्या वर्षी मला त्यांचा कारखाना पाहायला मिळाला.

इंजिन मी खोललं, त्यांनी जुळवलं. म्हणजे हात माझे होते. कार्बोरेटरचा एक बारीक स्क्रू त्यांना स्वतः बसवायचा होता; दहा-बारा वेळा पडला. मी प्रत्येक वेळी उचलून त्यांच्या हातात दिला. तेराव्या वेळी त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि पन्हं मागितलं.

मागचं शेपूट कापायचं काम घरी होणारं नव्हतं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ जळते दिवस, लागला त्या दिवशी सकाळी गाडी ढकलत मी इस्माईलभाईंच्या दुकानात नेली. बाबा आईला न जुमानता ऑटोनं मागून आले. इस्माईलभाई वेल्डिंगवाले, बाबांच्याच वयाचे. हिरव्या जाळीखाली त्यांचं दुकान, माठावर ओलं फडकं, रस्त्यावरून येणारी हवा भट्टीसारखी. बाबांना पाहून ते उठून उभे राहिले. "आओ मिस्त्री, बैठो." मिस्त्री म्हटल्यावर बाबांची पाठ सरळ झाली.

सीट काढलेली होती. टाकीच्या मागून चेसिसचे दोन पाइप मागं जाऊन टोकाला एकमेकांना जोडलेले होते. ते कुठं कापायचे, एवढंच ठरवायचं होतं. दोन माणसांना सत्तावीस इंच हवेत, हे आमचं घरीच ठरलं होतं. तीन वीत.

माझ्या शर्टाच्या खिशात टेप होता. मी तो काढणार, तेवढ्यात बाबा काठी इस्माईलभाईंच्या हातात देऊन गाडीजवळ गेले. त्यांनी उजवा पंजा पाइपवर ठेवला. एक. करंगळीजवळ अंगठा आणला. दोन. तीन. डाव्या हातानं खडू घेऊन रेघ मारली. रेघ थोडी थरथरली, पण मारली.

"इथून काप."

ते माठाकडे पाणी प्यायला वळले. मी टेप काढला आणि पटकन लावला. एकवीस इंच. पूर्ण सहा इंच कमी.

इस्माईलभाईंनी माझ्या खांद्यावरून पाहिलं. हळूच म्हणाले, "भाऊ, नाप छोटा पड़ रहा है. दूसरा आदमी कहाँ बैठेगा?"

मी तोंडावर बोट ठेवलं.

हे बोट मी आजवर विसरू शकलेलो नाही. त्या क्षणी मला वाटलं, बाबा आले की काहीतरी निमित्त काढू, पुन्हा मोजू म्हणू. टेप खिशात टाकला. बाबा फडक्यानं तोंड पुसत परत आले, खडूच्या रेघेकडे पाहिलं आणि इतक्या समाधानानं हसले की माझी जीभच उचलेना. म्हणाले, "पाह्यलं इस्माईलभाई? झटका आला म्हणून काय झालं. हात इसरत नाही."

इस्माईलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी चष्मा लावला आणि ग्राइंडर सुरू केला.

ठिणग्या उडाल्या, तो वास सुटला, आणि पाइपाचा तुकडा खणकन खाली पडला. मी उचलायला वाकलो. बाबा म्हणाले, "थंड होऊ दे. मंग उचल." माझा हात भाजू नये म्हणून ते मला सांगत होते.

मी स्वतःला फार समजावलं. सीट थोडी मागं काढून घेऊ. बाबा बारीक झालेत, मावतील. मी टाकीवर सरकून बसेन. त्यांना दुखवण्यापेक्षा हे बरं. यातलं थोडं खरंही होतं. पण सगळं नव्हतं, आणि ते आज इथं कबूल करतो. एकवीस इंचाचं शेपूट दिसायला चांगलं होतं. मोबाइलवर मी ज्या गाड्या पाहायचो, त्या अशाच होत्या, मागून आखूड. सत्तावीस इंचांवर ती तशी दिसली नसती, हे मला आधीपासून माहीत होतं. बाबांवरच्या मायेपोटी गप्प बसलो, असं मी म्हणतो खरं. पण त्या मायेच्या आडोशाला माझी हौसही लपून बसली होती. दोन्हींत किती कुठलं, हे मला अजून वेगळं करता येत नाही.

पुढचे काही दिवस मी बाबांना गाडीजवळ फारसं येऊ दिलं नाही. रंग ओला आहे, वायरिंग उघडं आहे, ऊन लागेल. सीटवाल्यानं सीट शिवून दिली तेव्हा त्यानंही विचारलं, "सिंगलच ना?" मी हो म्हणालो.

गाडी पुरी झाली तेव्हा नवतपा संपत आला होता. सकाळची वेळ होती, अजून ऊन चढलं नव्हतं. मी ती जिन्याखालून अंगणात काढली. मातकट काळा रंग, उघडं इंजिन, खाली झुकलेला दिवा. किक मारली, दुसऱ्या किकला लागली. आईनं कुंकवाचं बोट लावलं की नाही आठवत नाही, पण मोगऱ्याचा गजरा हँडलला बांधला होता, तो आठवतो. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाहेर आले. पायात बूट. झटका आल्यापासून ते बूट बाहेर निघाले नव्हते. आईनं ते पुसून ठेवलेले. आत्याला आदल्या दिवशी फोनही करून झाला होता. सकाळीच निघतो, ऊन चढायच्या आत पोचतो.

ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले. इंजिनाचा आवाज ऐकला, मान डोलावली. मग मागं येऊन थांबले.

"मी कुठी बसू गा?"

मी म्हणालो, "बाबा, या गाड्यांचं डिझाइनच असं असते. मी पुढं सरकतो, तुम्ही बसून तर पाहा."

त्यांनी माझं ऐकलं नाही. वाकले आणि सीटवर वीत ठेवली. एक. दोन. तीन. तिसऱ्या वितीला करंगळी सीटच्या टोकाला बरोबर भिडली.

"तीनच तर आहे," ते स्वतःशी म्हणाले. मग तिथंच उभे राहिले. सीटकडे पाहत होते, मग हाताकडे पाहायला लागले. मी गाडी बंद केली.

"टेप दे."

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. टेप शोधावा लागला नाही, हे त्यांनी पाहिलं. मला वाटलं, ते सीट मोजतील. त्यांनी सीट मोजली नाही. उजवा पंजा सीटवर ठेवला, होता होईल तेवढा ताणला, बोटं पांढरी पडेपर्यंत, आणि डाव्या हातानं टेप त्या पंजावर लावला.

सात इंच.

त्यांनी टेप उचलून पुन्हा लावला. सातच.

चाळीस वर्षं तो हात नऊ इंच होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ते आधी बोलले.

"कापाच्या दिवशी टेप होता तुह्याजवळ?"

"होता."

"लावला होता?"

"हो."

"इस्माईलभाईले मालूम होतं?"

मी मान हलवली. बाबांनी टेप परत गुंडाळला, माझ्या हातात दिला.

"मंग काहून नाही बोलला गा?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "कारखान्यात काल लागलेला हेल्पर पण सांगे मले, मिस्त्री, सूतभर चुकलं म्हणून. मी त्याले चहा पाजो. चुकलं तं सांगतेत माणसाले. लहान पोराले सांगत नाहीत."

मग ते आत गेले आणि खुर्चीवर बसून बूट काढायला लागले. आई मदतीला वाकली, तर म्हणाले, "राहू दे वं. काढतो मी." बराच वेळ लागला. आम्ही दोघं दारात उभे होतो.

आत्याला फोन मी केला. गाडीत थोडं काम निघालं, असं सांगितलं. पुन्हा तेच. खोटं माझ्या तोंडात इतकं तयार बसलेलं होतं, याची मला त्या दिवशी स्वतःचीच भीती वाटली.

पाइपाचा कापलेला तुकडा मी जपून ठेवला होता. दुसऱ्याच दिवशी तो घेऊन इस्माईलभाईंकडे गेलो. म्हटलं, जोडून द्या. त्यांनी तुकडा हातात फिरवला. "जोड़ने को जोड़ देता भाऊ. अकेला घूमना हो तो घूमो. लेकिन जोड़ के ऊपर उस हालत का आदमी बिठाना, मैं नहीं बोलूँगा. रास्ते में टूटा तो?" नवा पाइप टाकायचा तर चेसिसच बदलावी लागेल, म्हणाले. तुकडा माझ्या हातात परत ठेवत म्हणाले, "उस दिन बोलना था अपन को." त्यांनी 'अपन' म्हटलं, 'तुम' नाही. मी तुकडा घेऊन परत आलो.

चेसिस शोधायला लागलो. शोधता शोधता पावसाळा गेला. हिवाळ्यात मिळाली असती, पण तोवर बाबांचा डावा गुडघाही सुजायला लागला आणि त्यांना कुठल्याच दुचाकीवर पाय टाकून बसता येईना. शेवटी भाड्याची कार करून मी त्यांना कुहीला नेलं. वाटेत भाताच्या कापणीनंतरचे रिकामी शेतं होती, बाबा ती काचेतून पाहत राहिले. आत्याच्या अंगणात मी आणि ड्रायव्हरनं त्यांना धरून उतरवलं. आत्या रडली. ते तिच्याकडे न पाहता म्हणाले, "बाई, पाणी दे."

गाडी मी विकली नाही. विकावी असं मनात येतं, पण विकताना समोरचा विचारणार की एवढी चांगली बनवली तर विकता कशाला, आणि मला पुन्हा काहीतरी बनवून सांगावं लागणार. महिन्यातून एकदा कामठी रोडनं एक चक्कर मारून आणतो, बॅटरी उतरू नये म्हणून. वारा लागतो, हँडल हातात छान बसतं. पाठीला मागून कुणी नाही, हे मात्र प्रत्येक ब्रेकला कळतं. आरसी बुकात तिची आसनक्षमता आजही दोन लिहिलेली आहे.

बाबा त्यानंतर कशाचंही माप सांगेनासे झाले. आई मुद्दाम विचारायची, पडद्याला कापड किती लागेल हो? ते म्हणायचे, टेप आहे घरात. पंजा मिटून मांडीवर ठेवायचे. चेंडूही त्यांनी दाबायचा सोडला. मी माफी मागितली का? मागितली, दोन-तीनदा. ते म्हणायचे, "झालं ते झालं, जेव तू." माफ केलं नाही असंही नाही. पण माझ्या कुठल्याही बोलण्यावर त्यांचा आता पहिल्यासारखा विश्वास बसत नव्हता. डॉक्टर काय म्हणाले, असं मला विचारायचे आणि मी सांगितलं की आईकडे पाहायचे.

दोन वर्षांपूर्वी दुसरा झटका आला. आता ते दिवाणावर असतात. बोलणं बहुतेक गेलंय. अंक राहिलेत, का कोण जाणे. कधी कधी मधेच एखादा अंक म्हणतात. 'बारा' म्हणतात, 'सात' म्हणतात. आई म्हणते, मशीनवर आहेत ते.

या वर्षी काल कूलर काढला. बाबांच्या खोलीच्या खिडकीला लावला. नव्या ताट्या जाळीपेक्षा जरा मोठ्या निघाल्या, म्हणून मी टेप घेऊन खाली बसलो होतो. तोच टेप. पाणी चढलं, वाळा भिजला, वास सुटला. त्याच्या मागून लोखंडाचा वास येईल म्हणून मी वाट पाहत थांबलो आणि मान वळवली.

बाबा जागे होते. उजवा हात चादरीबाहेर आला होता आणि दिवाणाच्या उशाकडच्या लाकडी कडेवर सरकत होता. अंगठा टेकला, बोटं जेमतेम उघडली. मग करंगळीपाशी अंगठा. पुन्हा. गेल्या इतक्या वर्षांत त्यांना मोजताना मी पाहिलं नव्हतं. दिवाणाच्या रुंदीचं टोक गाठायला त्यांना बराच वेळ लागला.

"पाच," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

तो दिवाण त्यांनीच करवून घेतलेला. रुंदी तीन फूट, चार वीत, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आई दारात उभी होती. तिनं मला खुणेनं सांगितलं, हो म्हण.

मी उठलो. टेप कडेला लावला आणि तो त्यांच्या डोळ्यांसमोर नीट धरला.

"नाही बाबा," मी म्हणालो. "चुकलं तुमचं. चार आहे."

आईनं तोंडावर पदर घेतला. बाबा टेपावरच्या आकड्याकडे पाहत राहिले. चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांना समजलं की नाही, मला अजूनही सांगता येणार नाही. मग त्यांनी हात उचलला, कडेच्या पहिल्या टोकाला नेऊन ठेवला, आणि सुरुवातीपासून पुन्हा मोजायला लागले.